मँचेस्टर: कापसाचं एक बोंडही न पिकवता कापसाची राजधानी कशी झाली

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, अहमदाबादला भारताचं, कोइंबतूरला दक्षिणेचं. शाळेत हे सगळं पाठ केलेलं असतं, पण ज्याचं नाव आपण असं वाटत फिरतो ते मूळ मँचेस्टर काय प्रकरण आहे हे कुणी सांगत नाही, आणि आता तर मँचेस्टर म्हटलं की पोरांना लाल जर्सी नाहीतर निळी जर्सी आठवते, कापड कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू. कारण मुंबईच्या गिरण्या, वऱ्हाड-खानदेशचा कापूस, १८७५ची सुप्याची दंगल, बाबू गेनू या सगळ्यात हे शहर कुठे ना कुठे आहेच.

आधी जागा बघू. इंग्लंडच्या वायव्येला, लिव्हरपूल बंदरापासून साधारण ५० किलोमीटर आत, पूर्वेला पेनाइन नावाची डोंगररांग. रोमन लोकांनी इसवी सन ७९च्या सुमारास इथे एक किल्ला बांधला, त्याचं नाव मामुसियम, त्याची जागा आज कॅसलफील्ड भागात दाखवतात, आणि मग पुढची हजार-बाराशे वर्षं खरं सांगायचं तर विशेष काही घडलं नाही. आजचं मँचेस्टर शहर साडेपाच लाख वस्तीचं. पण सॅल्फर्ड, बोल्टन, बरी, ओल्डहॅम, रॉचडेल, स्टॉकपोर्ट वगैरे मिळून १० पालिकांचं ग्रेटर मँचेस्टर होतं आणि त्याची वस्ती २८ लाखांच्या पुढे जाते. मुंबई म्हणताना ठाणं, कल्याण, भिवंडी धरायचं की नाही असा आपल्याकडे घोळ असतो ना, तोच इथेही आहे. त्यात सॅल्फर्ड तर नुसती नदी ओलांडली की येतं पण ते वेगळं शहर आहे.

आता मुख्य प्रश्न. कापूस उष्ण हवेचं पीक, इंग्लंडमध्ये उगवणं शक्यच नाही. मग जगाचं कापड इथे कसं काय तयार व्हायला लागलं?

पुस्तकातलं उत्तर असतं ‘दमट हवा’. ते खोटं नाही. कोरड्या हवेत कापसाचं सूत ताणलं की तुटतं, दमट हवेत कमी तुटतं, आणि मँचेस्टरला आभाळ कायम भरलेलं. (तिथला वर्षभराचा पाऊस मुंबईच्या निम्मासुद्धा नाही बरं का, पण तो वर्षभर टिपटिप चालू असतो त्यामुळे बदनामी जास्त.) पेनाइनवरून येणारं पाणी मऊ, म्हणजे त्यात क्षार कमी, ते धुलाई आणि रंगाईला चांगलं. जवळ दगडी कोळसा. आणि लोकर आणि लिननचं (जवसाच्या धाग्याचं कापड) विणकाम घराघरात आधीपासून होतंच. पण दमट हवा काय कोकणातही आहे, तेवढ्याने गिरण्या उभ्या राहत नाहीत.

दुसरं कारण सहसा सांगितलं जात नाही, ते म्हणजे कायदा. सतराव्या शतकाच्या शेवटी भारतातलं छापील सुती कापड इंग्लंडमध्ये इतकं लोकप्रिय झालं होतं की लोकर आणि रेशीमवाले बोंब मारायला लागले. मग पार्लमेंटने १७०० साली भारतीय छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून १७२१ मध्ये असं कापड वापरण्यावरच बंदी आणली. लोकांना तर सुती कापड हवंच होतं! ती भूक भागवायला लँकेशरच्या (मँचेस्टर तेव्हा याच जिल्ह्यात) विणकरांनी लिननचा ताणा आणि कापसाचा बाणा असं मिश्र कापड विणायला घेतलं, कारण इंग्लंडमध्ये कातलेलं सुती सूत ताण्याला टिकेल इतकं मजबूतच निघत नव्हतं. म्हणजे भारतीय कारागिराला दाराबाहेर उभं केलं आणि त्या आडोशाला हा धंदा वाढला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच शहराने सगळ्या जगाला ‘व्यापार खुला पाहिजे’ म्हणून शिकवलं.

मग यंत्रं आली, एकापाठोपाठ एक, आणि बहुतेक याच टापूतली. १७३३ला बरीच्या जॉन केचा धावता धोटा, त्याने विणकाम इतकं भराभर व्हायला लागलं की सूत कमी पडायला लागलं. मग सूत वाढवायला १७६०च्या दशकात हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी, १७६९ला आर्कराइटची पाण्यावर चालणारी कताईची फ्रेम, हिच्यामुळे पहिल्यांदा ताण्याला चालेल असं मजबूत सुती सूत मिळालं, आणि १७७९ला बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनचं म्यूल, ज्याने भारतीय मलमलीच्या जवळ जाणारं बारीक सूत निघालं. एका यंत्राने अडचण सोडवली की पुढच्या टप्प्यावर नवी अडचण तयार, मग तिच्यासाठी नवं यंत्र, असं ते पळत सुटलं. १७७४ला सरकारने सुती कापडावरची बंदी उठवली, पण इंग्लंडमध्ये बनलेल्या कापडापुरती. टायमिंग बघा.

कोळशाचंही तसंच. ब्रिजवॉटरचा ड्यूक म्हणून एक जमीनदार होता, त्याच्या वर्स्लीच्या खाणी मँचेस्टरपासून फार लांब नव्हत्या पण कोळसा घोड्यांच्या पाठीवरून आणायचा म्हणजे भाव वाढायचा. त्याने जेम्स ब्रिंडली या इंजिनियरला हाताशी धरून कालवाच खणला, १७६१ला तो सुरू झाला, वाटेत नदी आडवी आली तर नदीच्या वरून पूल बांधून त्यातून कालवा नेला. बोटी नदीच्या डोक्यावरून जातायत हे बघायला लांबून लोक यायचे. मँचेस्टरात कोळसा जवळपास निम्म्या भावात मिळायला लागला. आणि वाफेचं इंजिन आल्यावर गिरणीला नदीकाठ धरून बसायची गरजच उरली नाही, कोळसा जिथे पोचतो तिथे गिरणी. अँकोट्स नावाच्या भागात १८००च्या आसपास सात-आठ मजली गिरण्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, त्यातल्या काही अजून आहेत, आता त्यांत महागडे फ्लॅट झालेत. लोअर परळवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

वस्ती १८०१ साली ७५ हजारांच्या आसपास होती, १८५१ला ३ लाखांवर गेली. आणि हे वाढत असताना गावचा कारभार मध्ययुगीन पद्धतीनेच चालला होता, धड नगरपालिकासुद्धा १८३८ला आली, शहराचा दर्जा तर १८५३ला. ड्रेनेज नाही, नळ नाही, आयर्लंडमधून उपाशी माणसांचे लोंढे येतायत, ती तळघरात राहतायत. १८४२ला एडविन चॅडविक या अधिकाऱ्याने आरोग्याचा रिपोर्ट काढला त्यात एक तक्ता आहे. मँचेस्टरमधल्या मजूरवर्गात मृत्यूचं सरासरी वय १७ वर्षं. सतरा! याचा अर्थ माणसं सतराव्या वर्षी मरत होती असा नाही, इतकी लेकरं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती की सरासरी तिथपर्यंत खाली ओढली गेली. त्याच तक्त्यात रटलंड नावाच्या खेडवळ जिल्ह्यातल्या मजुरांचं सरासरी वय ३८ आहे, आणि मँचेस्टरमधल्या श्रीमंत, सुशिक्षित वर्गाचंही ३८च. म्हणजे मँचेस्टरचा शेठ जेमतेम खेड्यातल्या शेतमजुराइतका जगत होता. हवा-पाणी किती घाण असेल याला वेगळा पुरावा नको.

त्याच वर्षी, १८४२ला, एक जर्मन कारखानदाराचा मुलगा बापाच्या भागीदारीतल्या सूतगिरणीत काम शिकायला इथे आला. फ्रेडरिक एंगेल्स. दिवसा ऑफिस आणि उरलेल्या वेळात कामगार वस्त्या पालथ्या घालायच्या. त्यातून १८४५ला त्याचं इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या स्थितीवरचं पुस्तक आलं. त्यातलं एक निरीक्षण मला अजून फार भारी वाटतं. तो म्हणतो की शहराची रचनाच अशी झालीय की शेठ लोक बाहेरच्या बंगल्यांतून मधल्या पेढ्यांपर्यंत रोज येतात-जातात पण त्यांना झोपडपट्टी दिसत नाही, कारण मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूला दुकानांची रांग आहे आणि घाण तिच्या मागे. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आपल्याकडच्या कुठल्याही फ्लायओव्हरवरून जाताना हे वाक्य आठवून बघा. चेथम्स लायब्ररी म्हणून १६५३ची एक सार्वजनिक लायब्ररी आहे, तिथल्या खिडकीपाशी बसून मार्क्स आणि एंगेल्स १८४५ला वाचत असत, ते टेबल अजून आहे.

आता थोडं मागे जाऊ, १८१९ला. एवढं मोठं औद्योगिक गाव, पण पार्लमेंटमध्ये एकही खासदार नाही, कारण मतदारसंघ जुन्या काळी ठरलेले, ओसाड पडलेल्या खेड्यांना दोन-दोन खासदार आणि मँचेस्टरला शून्य. १६ ऑगस्टला सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर मताचा हक्क मागायला साधारण ६० हजार लोक जमले, बायका-पोरांसकट, चांगले कपडे घालून, हेन्री हंट यांचं भाषण ऐकायला. मॅजिस्ट्रेट घाबरले आणि त्यांनी हंटला पकडायला घोडेस्वार घातले. तलवारी उपसून गर्दीत घोडे. अठराएक माणसं मेली, जखमी झालेली शेकड्यांनी. चारच वर्षं आधी वॉटर्लूची लढाई जिंकलेली होती म्हणून लोकांनी खवचटपणे याला ‘पीटरलू’ नाव दिलं. खासदार शेवटी १८३२च्या सुधारणेनंतर मिळाले, तेही दोन, आणि गिरणी कामगाराला मत तेव्हाही नाहीच. या घटनेनंतर जॉन एडवर्ड टेलर या कापूस व्यापाऱ्याने १८२१ला ‘मँचेस्टर गार्डियन’ काढला, आजचा ‘द गार्डियन’ तो हाच. त्याचे पैसे कापसातले, आणि तो कापूस गुलामांच्या मजुरीचा, याबद्दल त्या पेपरच्या मालक ट्रस्टने २०२३ला जाहीर माफी मागितली.

पीटरलू घडलं त्याच जागेवर पुढे फ्री ट्रेड हॉल बांधला गेला. भानगड अशी की १८१५ पासून परदेशी धान्यावर जबर निर्बंध होते, त्याने जमीनदारांचं भलं होत होतं पण पाव महाग. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी, रिचर्ड कॉब्डन आणि जॉन ब्राइट हे त्यातले पुढारी, १८३८ पासून याच्याविरुद्ध चळवळ उभी केली. पाव स्वस्त झाला तर कामगाराचं पोट भरेल आणि मजुरी वाढवावी लागणार नाही, शिवाय परदेशी माणूस धान्य विकून आपलं कापड घेईल. पुण्य आणि फायदा एकाच ताटात. १८४६ला तो कायदा रद्द झाला आणि खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्यांना ‘मँचेस्टर स्कूल’ असं नावच पडलं. हॉलच्या इमारतीत आता हॉटेल आहे.

रेल्वेबद्दल फार लांबण लावत नाही. लिव्हरपूलला उतरलेला कापूस कालव्याने यायला वेळ आणि भाडं दोन्ही जास्त, म्हणून १५ सप्टेंबर १८३०ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, दोन शहरांमधली पहिली वाफेवरची, टाइमटेबल लावून प्रवासी नेणारी रेल्वे. उद्घाटनाच्याच दिवशी लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन रुळांवर उतरले आणि ‘रॉकेट’ नावाच्या रेल्वे इंजिनाखाली सापडून गेले. तरी धंदा जोरात चालला. यानंतर २३ वर्षांत बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि भारतात रेल्वे लवकर व्हावी म्हणून लंडनमध्ये जोर लावणाऱ्यांत मँचेस्टरचे कापूसवाले होतेच, त्यांना आतला कापूस बंदरापर्यंत हवा होता.

इथून आपला भाग सुरू होतो.

१८६०पर्यंत लँकेशरचा चार पंचमांशाच्या आसपास कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून यायचा, म्हणजे गुलामांनी वेचलेला. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्या थंड पडल्या. १८६२च्या हिवाळ्यात लँकेशरमध्ये चार-पाच लाख लोक मदतीवर जगत होते. आणि तरी ३१ डिसेंबर १८६२ला फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली, त्यातून लिंकनला पत्र गेलं की गुलामी संपवा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. लिंकनने पुढच्याच महिन्यात उत्तर पाठवलं. शहरात लिंकनचा पुतळा आहे तो यामुळे. सगळे असेच थोर होते असं नाही, लिव्हरपूलचे व्यापारी आणि लँकेशरची काही गावं उघड दक्षिणेच्या बाजूची होती, पण उपाशी पोटी असा ठराव करणारेही होते.

अमेरिकेचा कापूस बंद म्हटल्यावर सगळ्यांचं तोंड भारताकडे वळलं. मुंबईत कापसाचा भाव चढत गेला आणि पैसा अक्षरशः ओतला जायला लागला. प्रेमचंद रायचंद हा त्या काळचा राजा, बॅकबेची भरणी, नवनव्या बँका, शेअर कशाचाही काढा, खपतोय. १८६५ला यादवी संपली, भाव कोसळले आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या पत्त्याच्या घरासारख्या पडल्या. प्रेमचंदने तेजीच्या काळात विद्यापीठाला दिलेल्या देणगीतला राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. ही मुंबईची गोष्ट माहीत असते, गावाकडची कमी सांगितली जाते. वऱ्हाड, खानदेश, दख्खनमधल्या शेतकऱ्याने भाव बघून कापूस लावला होता, सावकारही हात सैल सोडून कर्ज देत होता. भाव पडल्यावर सावकाराने हात आखडला, त्यात जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला, आणि १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कापूस एकटाच कारण नव्हता, पण अमेरिकेतल्या युद्धाचा आणि मँचेस्टरच्या मागणीचा झटका सुप्याच्या बाजारपेठेपर्यंत असा पोचला. वऱ्हाडात खामगाव, अमरावतीला रेल्वेचे फाटे गेले तेही याच कापसासाठी.

तिकडे मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ला सुरू झालेली होती. गंमत म्हणजे आपल्या गिरण्यांची यंत्रं बरीचशी लँकेशरचीच, ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी त्यात मोठी. म्हणजे मँचेस्टरच्या आजूबाजूचेच लोक मँचेस्टरला स्पर्धक तयार करून देत होते, यंत्रवाल्याला काय, त्याला यंत्र विकायचंय. कापडवाल्यांना मात्र हे झोंबलं. त्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या दबावाने १८८२ला भारतात येणाऱ्या सुती कापडावरची जकात काढून टाकली, आणि पुढे सरकारला पैशाची गरज पडून जकात परत लावावी लागली तेव्हा १८९६ला कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर बसवला. कशासाठी, तर स्पर्धा ‘समान’ राहावी म्हणून. हा कर थेट १९२५च्या डिसेंबरपर्यंत चालला. १७२१ला भारतीय कापड वापरणं गुन्हा, १८९६ला भारतीय कापड बनवण्यावर कर, आणि मधल्या काळात खुल्या व्यापारावर भाषणं. माझं स्पष्ट मत आहे की मँचेस्टरची हुशारी खरी, यंत्रं खरी, मेहनत खरी, पण या दोन तारखा काढून टाकल्या तर ही गोष्ट अर्धवट सांगितल्यासारखी होते.

१९१३ला ब्रिटनने साधारण ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केलं, त्यातलं ४० टक्क्यांच्या वर एकट्या भारतात आलं. पुण्यात १९०५ला विदेशी कपड्यांची होळी झाली, १९३०च्या डिसेंबरमध्ये काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा झाला, तेव्हा ‘विदेशी कापड’ म्हणजे मुख्यतः हेच कापड डोळ्यांसमोर होतं. बाबू गेनू स्वतः गिरणी कामगार. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३१ला, गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशरमधल्या डार्वेनला गेले, बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्याच कामगारांना भेटायला. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती जमून हसत ओरडतायत असा फोटो आहे. गांधींनी त्यांना सांगितलं की भारतातली गरिबी तुमच्याहून कितीतरी भयंकर आहे. एक सांगायला हवं, लँकेशरला बुडवलं ते फक्त बहिष्काराने नाही, जपानची स्वस्त गिरणी, भारताच्या स्वतःच्या गिरण्या, जुनी यंत्रं बदलायचा आळस हे सगळं मिळून.

पण मँचेस्टर शहर या घसरणीत पूर्ण झोपलं नाही, कारण ते तोवर नुसतं कापडाचं राहिलं नव्हतं. खरं म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कताई ओल्डहॅम-बोल्टनकडे आणि विणकाम ब्लॅकबर्न-बर्नलीकडे सरकत गेलं होतं, मँचेस्टरमध्ये गोदामं, पेढ्या, बँका आणि सौदे उरले. रॉयल एक्स्चेंज या कापूसबाजाराच्या हॉलमध्ये हजारो दलाल जमायचे. १९६८ला सौदे कायमचे बंद झाले आणि १९७६ला त्या हॉलमध्ये थिएटर सुरू झालं, शेवटच्या दिवसाचे भाव वर बोर्डावर अजून तसेच आहेत.

आणि मग तो कालवा. १८८०च्या दशकात लिव्हरपूल बंदराचे आणि रेल्वेचे दर इतके जाचायला लागले की मँचेस्टरने ठरवलं, लिव्हरपूलला टाळूनच जायचं. १८८२ला डॅनियल अ‍ॅडमसन या इंजिनियरने आपल्या घरी मीटिंग बोलावली आणि १८९४ला ५८ किलोमीटर लांबीचा शिप कॅनल खुला झाला, समुद्रातली जहाजं थेट मँचेस्टरात, उद्घाटनाला राणी व्हिक्टोरिया. समुद्रापासून इतकं आत असलेलं गाव ब्रिटनमधल्या मोठ्या बंदरांत गणलं जायला लागलं. आता ब्रिंडलीचा नदीवरचा जुना पूल या जहाजांना आडवा येत होता, तर तो पाडून तिथे फिरणारा पूल केला, शेकडो टन पाणी आत तसंच कोंडून तो पुलाचा तुकडा गोल फिरतो आणि जहाज निघून जातं. बार्टनला आहे हा, आणि जगात दुसरा असा नाही.

कालव्याच्या काठाला १८९६ला ट्रॅफर्ड पार्क उभं राहिलं, जगातली पहिली नियोजित औद्योगिक वसाहत, म्हणजे आपल्या एमआयडीसीचं पणजोबा म्हणा हवं तर. फोर्डने १९११ला युरोपातला आपला पहिला मोटार कारखाना इथे काढला, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं इथे बनली. तो सगळा पसारा सत्तरच्या दशकात आटला, मोठी कंटेनर जहाजं कालव्यात मावेनात, आणि १९८२ला गोद्या बंद. आज त्याच गोदीच्या पाण्याभोवती सॅल्फर्ड कीज नावाचा नवा भाग आणि बीबीसीचे स्टुडिओ आहेत.

विज्ञानाचं वेगळं लिहायला पाहिजे इतकं आहे, इथे धावतं सांगतो. जॉन डाल्टनचा अणुसिद्धांत इथला, उष्णतेवाला जूल शेजारच्या सॅल्फर्डचा, रदरफोर्डने अणूला केंद्रक असतं हे १९११ला मांडलं तेव्हा तो मँचेस्टर विद्यापीठात होता, मेमरीत प्रोग्रॅम साठवून चालवणारा पहिला कॉम्प्युटर २१ जून १९४८ला इथे चालला, आणि २००४ला दोन संशोधकांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलून सोलून ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) वेगळं केलं, त्याला २०१०चं नोबेल. एक छोटी गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. इथे एक पांढुरका ठिपक्यांचा पतंग (फुलपाखरासारखा कीटक) आहे, त्याचा काळा प्रकार पहिल्यांदा १८४८ला मँचेस्टरात नोंदला गेला, आणि १८९५पर्यंत शहरातले ९८ टक्के पतंग काळे झाले होते. झाडांच्या खोडांवर काजळी बसलेली, त्यावर पांढरा पतंग पक्ष्याला लगेच दिसणार, काळा वाचणार. उत्क्रांतीचं जगभरच्या पाठ्यपुस्तकातलं उदाहरण गिरण्यांच्या धुराने तयार केलं. हवा स्वच्छ केल्यावर पांढरे परत वाढले. ‘आम्लपर्जन्य’ ही कल्पनासुद्धा मँचेस्टरचा पाऊस तपासणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथची.

फुटबॉलवाल्यांसाठी: युनायटेड म्हणजे मुळात १८७८ला न्यूटन हीथच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातल्या कामगारांचा संघ, आणि सिटी म्हणजे १८८०ला गॉर्टनच्या चर्चने काढलेला संघ, पोरं दारू आणि मारामाऱ्यांपासून लांब राहावीत म्हणून. दोन्ही कामगार वस्तीतलेच. युनायटेडच्या बिल्ल्यावरचं जहाज शहराच्या चिन्हातलं आहे, व्यापाराची खूण म्हणून.

क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड वेगळं मैदान आहे, फुटबॉलच्या स्टेडियमपासून जवळच. १९३६ला इथे विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ची सलामी दिली, दोघांची शतकं. मर्चंट हे मुंबईच्या गिरणीमालक ठाकरसी घराण्यातले. मुंबईच्या गिरणीमालकाचा पोरगा मँचेस्टरात शतक ठोकतोय, हे तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सवाल्यांना कसं वाटलं असेल कोण जाणे! १९९०च्या ऑगस्टमध्ये १७ वर्षांच्या सचिनचं पहिलं कसोटी शतक याच मैदानावर, नाबाद ११९, आणि मॅच वाचली. मुंबईचे फारूख इंजिनियर लँकेशरकडून बरीच वर्षं खेळले, तिकडेच राहिले, २०२५ला एका स्टँडला क्लाइव्ह लॉइड यांच्याबरोबर त्यांचं नाव दिलं. २०१९च्या सेमीफायनलचा धोनीचा रनआउटही इथलाच, त्याबद्दल काही लिहीत नाही.

पन्नास-साठच्या दशकात बुडत्या गिरण्यांच्या रात्रपाळीला स्थानिक माणसं मिळेनात तेव्हा पाकिस्तान, गुजरात, पूर्व बंगालमधून माणसं आली, बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेलमध्ये त्यांच्या वस्त्या झाल्या. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. रशोममधल्या विल्मस्लो रोडला ‘करी माइल’ म्हणतात. शहराला मधे मोठे फटके बसले, १५ जून १९९६ला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने भर मध्यवस्तीत १५०० किलोचा बॉम्ब उडवला, फोनवर इशारा आला होता म्हणून हजारो लोक हलवता आले, एकही मृत्यू नाही पण २००हून जास्त जखमी आणि दुकानांचा अख्खा भाग उद्ध्वस्त. तो भाग नव्याने बांधला आणि आजचं चकचकीत मँचेस्टर बरंचसं तिथून सुरू होतं. २२ मे २०१७च्या मँचेस्टर अरेना या कार्यक्रमांच्या सभागृहातल्या हल्ल्यात मात्र २२ जण गेले. त्यानंतर भिंतींवर, लोकांच्या दंडांवर सगळीकडे मधमाशी दिसायला लागली, ती १८४२ पासून शहराच्या चिन्हात आहे, कामसू शहराची खूण म्हणून.

कुणी जाणार असाल तर रेल्वेचं १८३०चं स्टेशन सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये आहे, चेथम्स लायब्ररी आणि रॉयल एक्स्चेंज चालत अंतरावर. आणि अर्धा दिवस काढून विमानतळाजवळच्या स्टायलची क्वॅरी बँक मिल बघाच, १७८४ची, वर्कहाउसमधली (सरकारी गरीबखान्यातली) मुलं तिथे राबायची, त्यांचं राहायचं घरही दाखवतात. तिथे माग चालू करतात तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, लँकेशरच्या विणकर बायका ओठ वाचून गप्पा मारायला शिकल्या होत्या त्या याच आवाजामुळे. टाउन हॉल १८७७चा, अप्रतिम आहे, पण २०१८ला दुरुस्तीसाठी बंद केलेला, तेव्हा उघडलाय का ते आधी बघून मगच तिकडे वळा.